कॅम्परची चासी, ट्रॅक्टरचं ओझं

अमेरिकेत शहराबाहेर पाच-दहा एकर जमीन घेतली की आधी छोटा ट्रॅक्टर येतो, आणि ट्रॅक्टर आला की तो न्यायचा कशातून हा प्रश्न येतो. दुरुस्तीला न्यायचा असतो, मित्राच्या रानात न्यायचा असतो, कधी भाड्याचं मशीन आणून परत पोचवायचं असतं. नव्या ट्रेलरची किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत कुणाच्या तरी परसात ऊन-पाऊस खात उभा असलेला जुना कॅम्पर नजरेस पडतो, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं फिरतं घर. छत गळकं, भिंती फुगलेल्या, आत उंदरांचा संसार. मालक म्हणतो, पैसे नकोत, फक्त इथून हलवा.

असे कॅम्पर गावोगाव सापडतात, त्याला कारण आहे. उत्तर इंडियानातलं एल्कहार्ट आणि आसपासचा भाग हे कॅम्पर बनवण्याच्या धंद्याचं माहेरघर. तिथून बाहेर पडणाऱ्या कित्येक कॅम्परच्या भिंती म्हणजे बारीक लाकडी सांगाडा आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा. छताच्या जोडातून पाणी शिरलं की लाकूड आतून कुजतं आणि काही वर्षांत घर निकामी होतं. खालची लोखंडी चासी मात्र उभी राहते. मग डोक्यात येतं, वरचं घर उतरवू, फळ्या ठोकू, झाला ट्रेलर.

होतो, ट्रेलर नक्की होतो. पण किती ओझ्याचा, हे कटर हातात घेण्याआधी कागदावर ठरलं पाहिजे. माझं मत आधीच सांगून टाकतो. फुकटच्या कॅम्परमध्ये मोल असतं ते अॅक्सलला, ब्रेकला, पिकअपला जोडणाऱ्या कपलरला आणि टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाला. ज्या चासीच्या मोहाने आपण तो घरी आणतो, तीच त्यातली सगळ्यात कमजोर वस्तू असते. हे एकदा मान्य केलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

वजनाचा हिशेब

मध्यम आकाराचा, साधारण २६ फुटी, दोन अॅक्सलचा कॅम्पर धरू. अशा गाडीखाली बहुतेक वेळा ३५०० पौंडांचे दोन अॅक्सल असतात, म्हणजे एकूण ७००० पौंड, सुमारे ३१७५ किलो. अॅक्सलच्या नळीवर मध्यभागी कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर क्षमता लिहिलेली असते. स्टिकर गेला असेल तर नळीचा व्यास मोजा. ३५०० पौंडांच्या अॅक्सलची गोल नळी २ ३/८ इंचांची असते; ५२०० ते ७००० पौंडांच्या अॅक्सलची ३ इंचांची. चाकाचे नटही सांगतात. पाच नट असतील तर तो बहुधा हलका अॅक्सल, सहा असतील तर ५२०० ते ६००० चा, आठ असतील तर ७००० चा.

आता या ७००० मधून ट्रेलरचं स्वतःचं वजन वजा करायचं. उघडी चासी, अॅक्सल, चाकं मिळून दीडेक हजार पौंड भरतील. त्यावर १८ फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद तळ करायचा तर दीड इंच जाडीच्या फळ्याच सव्वापाचशे ते सहाशे पौंडांच्या होतात, ओल्या असतील तर जास्तच. आडवे चॅनल तीनशेच्या वर. रॅम्प, मडगार्ड, बांधायच्या कड्या, सुटं चाक हे सगळं धरा. अडीच हजारावर काटा सहज जातो. हातात उरतात साडेचार हजार पौंड.

साडेचार हजारांत काय बसतं? लोडर लावलेला सगळ्यात छोट्या वर्गातला ट्रॅक्टर आरामात बसतो. पंचवीस-तीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर लोडरसकट बसतो, पण त्याच्या मागच्या टायरांत पाणी किंवा दुसरं द्रव भरलेलं असेल आणि मागे बॉक्स ब्लेड लटकत असेल तर काठावर येतो. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकातलं वजन बहुधा लोडर न धरता लिहिलेलं असतं, हे लक्षात ठेवा. मधल्या आकाराचं स्किड-स्टीअर सहा-सात हजार पौंडांचं, साडेतीन टनी मिनी एक्स्कॅव्हेटर आठ हजारांच्या घरातलं. ही दोन्ही या ट्रेलरवर चढणार नाहीत. म्हणजे चढतील, पण चढवायची नाहीत. 'हेवी इक्विपमेंट'चं स्वप्न असेल तर १४,००० पौंडांचा तयार ट्रेलर घ्या, किंवा लागेल तेव्हा भाड्याने आणा. जुन्या चासीखाली ७००० चे दोन नवे अॅक्सल घालून ती तेवढी भक्कम होत नाही. भक्कम झाल्याचा भास मात्र होतो, आणि तो जास्त महागात पडतो.

टायरांचा हिशेब वेगळा करा. कॅम्परला सर्रास दिसणारा एसटी २०५/७५आर१४, लोड रेंज सी, पूर्ण ५० पीएसआय हवेवर १७६० पौंड पेलतो. असे चार मिळून ७०४०. म्हणजे कागदावर जमतं, पण शिल्लक काही नाही. शिवाय टायर जुना असेल तर तो आकडाही विसरा. टायरच्या कडेवर डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३६१४ म्हणजे २०१४ सालचा छत्तिसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी असा टायर टाकून द्यायचा, कारण उभ्या गाडीचा टायर झिजण्याआधी वाळतो आणि तडकतो.

चासी कमजोर का

कॅम्परची चासी वाईट बांधलेली नसते. ती वेगळ्या कामासाठी बांधलेली असते. तिच्यावरचं घर पंचवीस फुटांवर पसरलेलं असतं, दर फुटाला थोडं थोडं वजन. ट्रॅक्टर तेच वजन पाच-सहा फुटांत चार ठिकाणी टेकवतो. अनेक कॅम्परचे मुख्य बीम आय आकाराचे असले तरी मधली उभी पट्टी इंचाच्या आठव्या भागाच्या आसपास, कधी त्याहूनही पातळ असते. उंची सहा-आठ इंच दिसते म्हणून माणूस फसतो. त्याच्या शेजारी ७००० पौंडांच्या साध्या तयार ट्रेलरचं पाच इंची चॅनल ठेवून बघा. फुटाला ६.७ पौंड वजनाचं ते चॅनल उंचीने कमी, पण अंगाने जाड असतं.

आडव्या पट्ट्यांची गोष्ट तर आणखी नाजूक. कॅम्परमध्ये त्या चार-चार फुटांवर असतात आणि पाण्याच्या नि सांडपाण्याच्या टाक्या बसवण्यासाठी कारखान्यातच मधून कापलेल्या किंवा खाली वाकवलेल्या सापडतात. बाजूला फळीला आधार द्यायला पत्र्याचे पातळ ब्रॅकेट वेल्ड केलेले असतात. ते ओझं घेण्यासाठी नाहीतच. ते सगळे काढायचे, पण मुख्य बीमला कटरची चीर न पाडता. आधी वेल्ड अर्धवट घासून घ्यायचा, मग हातोडीने पाडायचा आणि उरलेला भाग बीमच्या पृष्ठभागापर्यंत सपाट करायचा. घाईत मारलेली एक आडवी चीर पुढे तडा सुरू करायला पुरते.

गंज बघताना डोळ्यावर विसंबू नका. ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क अशा हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतली गाडी असेल तर टोकदार हातोडी घ्या आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे वेल्ड केलेत तिथे, अॅक्सलच्या वरच्या भागात, आणि पुढे जिथे इंग्रजी ए आकाराची दांडी मुख्य बीमला मिळते तिथे ठोकत जा. टणटणीत आवाज यायला हवा. थपथप आवाज आला, खपल्या निघाल्या, तर तिथे तारेच्या ब्रशने स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत घासा. दांडीच्या सांध्यावर केसासारखा तडा असतो, रंगाखाली दिसत नाही. वेल्डिंगच्या दुकानात लाल रंगाचं डाय-पेनिट्रंट मिळतं, ते फवारून पुसून वर पांढरा डेव्हलपर मारला की तड्याची लाल रेघ उमटते. थोडा खर्च होतो, पण हा खर्च टाळू नये. बीम बंद चौकोनी नळीचा असेल तर तो आतून गंजतो, त्याची जाडी एखाद्या भोकातून मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घर उतरवताना

घर उतरवायला एक आठवडाअखेर लागते असं सगळे सांगतात, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण काही गोष्टी वेळेपेक्षा महत्त्वाच्या आहेत. प्रोपेनचे सिलिंडर काढून नळ्या मोकळ्या होईपर्यंत कटर लावायचा नाही. कॅम्परचा फ्रिज बहुधा अमोनियावर चालणारा असतो. त्याच्या मागच्या नळ्या कापायच्या नाहीत, अख्खा फ्रिज उचलून बाहेर काढायचा. छतावरच्या एसीतला वायू हवेत सोडणं कायद्याने गुन्हा आहे, तो प्रमाणित माणसाकडून काढून घ्या. उंदरांची विष्ठा कोरडी झाडायची नाही. हंताव्हायरसचा धोका असतो. जंतुनाशक फवारून ओली करायची, हातमोजे आणि एन-९५ मास्क लावून उचलायची. जुन्या, सत्तरच्या दशकातल्या गाडीत तळाच्या फरशीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ती उखडण्याआधी तुकडा तपासून घ्या.

आणि भिंत पाडण्याआधी व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची पट्टी शोधा. बहुतेक कॅम्परमध्ये ती ड्रायव्हरच्या बाजूच्या भिंतीवर पुढच्या कोपऱ्यात चिकटवलेली असते. उत्साहाच्या भरात भिंत कचऱ्याच्या कंटेनरमध्ये जाते आणि तिच्याबरोबर गाडीची ओळखही जाते. १९८१ पासूनच्या गाड्यांना १७ अक्षरांचा क्रमांक असतो. तो टायटलशी जुळतो का ते उतरवण्याच्या आधी बघा, फोटो काढा, दांडीवरही ठोकलेला सापडतो का पाहा. पट्टी स्वतः उखडून दुसरीकडे डकवणं कायद्याच्या भानगडीत नेतं. पट्टी भिंतीवरच असेल तर हात लावण्याआधी राज्याच्या मोटार वाहन कार्यालयात जाऊन विचारा. तिथेच हेही विचारा की 'ट्रॅव्हल ट्रेलर'चं टायटल 'युटिलिटी' किंवा 'फ्लॅटबेड' कसं करायचं. प्रत्येक राज्याची रीत निराळी. कुठे नुसता अर्ज, कुठे तपासणी. टायटलच नसेल, मालक 'कुठेतरी असेल' म्हणत असेल, तर फुकटातही घेऊ नका.

विजेच्या तारांचं एक सांगतो. पुढच्या सात टोकांच्या प्लगपासून ब्रेकपर्यंत जाणारी तार, आणि दांडीवरचा ब्रेकअवे स्विच, हे आधी ओळखून बाजूला गुंडाळून ठेवा. बाकीच्या जंजाळात ते कापले जातात आणि मग कोणती तार कशाची हे शोधत बसावं लागतं.

अॅक्सल सरकवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

२६ फुटी कॅम्परला अठरा फुटी करायचं तर शहाणपण मागचा भाग कापण्यात आहे. मधून कापून जोडायला गेलात तर मुख्य बीमला सांधा येतो, आणि तो सांधा आयुष्यभर तुमच्या डोक्यात राहील. पण मागून आठ फूट गेले की अॅक्सल चुकीच्या जागी येतात. कॅम्परमध्ये दोन अॅक्सलचा मध्य पुढच्या भिंतीपासून साधारण ६० टक्क्यांवर, म्हणजे साडेपंधरा फुटांवर असतो. अठरा फुटांच्या तळाला तो ६० टक्क्यांवर म्हणजे पावणेअकरा फुटांच्या आसपास हवा. याचा अर्थ पाट्यांचे सगळे हँगर पावणेपाच फूट पुढे आणायचे. आणले नाहीत तर मागे जेमतेम अडीच फूट उरतात, दांडीवर प्रचंड भार येतो आणि पिकअपचा मागचा भाग बसतो.

उलटी चूक जास्त घातक. अॅक्सल फार पुढे गेले की दांडी हलकी होते, आणि साठ मैलांच्या वेगाला ट्रेलर डुलायला लागतो. डुलणं सुरू झालं की ते वाढतच जातं. म्हणून नियम असा की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर हवा. साडेसहा हजारांच्या एकूण वजनाला साडेसहाशे ते पावणेदहाशे पौंड. ट्रॅक्टर फूटभर मागे-पुढे केला तर काय होतं हेही काढता येतं: कपलरपासून अॅक्सलच्या मध्यापर्यंत पंधरा फूट असतील आणि ट्रॅक्टर चार हजार पौंडांचा असेल तर एका फुटाला दांडीवरचा भार सुमारे २६५ पौंडांनी बदलतो. एवढ्या जोरावर थोडीफार चूक ट्रॅक्टरच्या जागेने भरून काढता येते, पण म्हणून अॅक्सल वाटेल तिथे लावायचे नाहीत.

गावाकडे वाढलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर उसाची ट्रॉली असते. ती ट्रॅक्टरमागे वीस-पंचवीसच्या वेगाने जाते, तिच्या ब्रेकची कुणी फारशी विचारपूस करत नाही, आणि चासी थोडी वाकडी असली तरी चालून जातं. इथे तोच ट्रेलर पासष्ट मैलांनी हायवेवरून जाणार आहे. ट्रॉलीच्या अनुभवाने इथे फसायला होतं. ती सवय घरी ठेवा.

हँगर नव्या जागी आणताना दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते नुसत्या नजरेने बघून भागत नाही. कपलरच्या मध्यावर खिळा मारा, तिथून डाव्या आणि उजव्या अॅक्सलच्या टोकापर्यंत स्टीलची टेप ताणा. दोन्ही मापांत इंचाच्या आठव्या भागापेक्षा जास्त फरक नको. फरक राहिला तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर महिन्याभरात एका बाजूने खाल्ले जातात. आधी नुसते ठिपके वेल्ड करा, मोजा, मगच पूर्ण वेल्ड.

कॅम्परच्या पाट्यांच्या बोल्टवर प्लॅस्टिकची बुशिंग असतात. ती हमखास झिजलेली, बोल्ट अर्धे खाल्लेले. हँगर नाहीतरी हलवणारच आहात, तेव्हा ग्रीसच्या निपलवाले बोल्ट आणि ब्राँझची बुशिंग टाका. काही कॅम्परना पाटे नसून रबरावर चालणारे टॉर्शन अॅक्सल असतात. त्यातलं रबर जुनं होऊन बसलं की दुरुस्ती नाही. असा अॅक्सल धरून बसू नका.

वेल्डिंग

घरच्या प्लगवर चालणारं ११० व्होल्टचं छोटं मशीन कुंपणाला ठीक आहे. इथे पाव इंची लोखंड एकमेकांत मिसळायला हवं, त्याला २२० व्होल्टचं मशीन लागतं. रॉडने वेल्ड करणाऱ्याने ७०१८ रॉड वापरावा आणि तो कोरडा ठेवावा. उघड्या पाकिटातला, दमट गॅरेजमध्ये पडलेला रॉड आत वायूची छिद्रं ठेवतो. दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच रंग आणि गंज घासून चकचकीत करा. वेल्डिंग येत नसेल तर मुख्य बीम, दांडी आणि हँगर यांचं काम प्रमाणित वेल्डरकडून करून घ्या आणि आडव्या पट्ट्या स्वतः करा. कापणं, घासणं, रंगवणं यात आपले कष्ट घाला. जीव ज्यावर टांगलेला आहे ते वेल्ड शिकण्याचं ठिकाण नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मुख्य बीमच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीवर, काटकोनात, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत वेल्डची रेघ मारायची नाही. ताण सगळा त्या पट्टीतून जातो आणि आडवी रेघ तिथे तडा जायला आमंत्रण देते. आडव्या पट्ट्या बीमच्या उभ्या भागाला, मधल्या उंचीवर जोडा. वरून ठेवायच्याच असतील तर वेल्ड बीमच्या लांबीच्या दिशेने, छोट्या तुकड्यांत. बीमवर भक्कमपणासाठी पट्टी चढवायची असेल तर तिची टोकं सरळ न कापता निमुळती करा आणि टोकाशी वेल्ड काठावर आणून थांबवू नका. हँगर ज्या नव्या जागी बसणार, तिथे उभ्या पट्टीला आतून-बाहेरून पाव इंची प्लेट द्या. कारखान्याने जुन्या जागी जो आधार दिला होता, तो इथे नाही.

बीम पातळ असेल तर काय? मी एकच मार्ग सुचवीन. जुन्या बीमच्या आत लगटून पूर्ण लांबीचं पाच किंवा सहा इंची चॅनल घाला, दांडीच्या टोकापासून शेपटापर्यंत. मग जुना बीम नुसता सोबतीला राहतो. पण हे करायची वेळ आली की थांबून विचार करा. नवं चॅनल, नव्या पट्ट्या, नवी दांडी. म्हणजे तुम्ही नवाच ट्रेलर बांधताय आणि कॅम्परचे फक्त अॅक्सल वापरताय. त्यात वाईट काही नाही. बऱ्याचदा तोच सरळ मार्ग ठरतो.

आडव्या पट्ट्या तीन इंची चॅनलच्या, दर १६ इंचांवर, फार तर २४ वर. ट्रॅक्टरचं मागचं चाक जिथे टेकणार तिथे दाट.

चाकं आणि ब्रेक

ड्रम उघडा. ३५०० पौंडांच्या अॅक्सलमध्ये आतलं बेअरिंग एल६८१४९ आणि बाहेरचं एल४४६४९, ही जोडी जवळजवळ सगळीकडे मिळते आणि स्वस्त आहे. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं बेअरिंग धुऊन परत घालण्यापेक्षा कपांसकट नवं घाला. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा. दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस वर येईपर्यंत. नुसतं बाहेरून फासलेलं ग्रीस काही कामाचं नाही. मधला नट ड्रम फिरवत घट्ट करायचा, मग सोडायचा, परत फक्त बोटांनी आवळायचा आणि नवी कॉटर पिन घालायची. जुनी पिन सरळ करून वापरू नका.

ब्रेक इलेक्ट्रिक असतात. ड्रमच्या आतल्या मॅग्नेटच्या दोन तारांना मल्टीमीटर लावा, ३.२ ओमच्या आसपास यायला हवं. फार जास्त किंवा शून्य आलं तर मॅग्नेट गेलं. पुष्कळ राज्यांत ३००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, काही ठिकाणी मर्यादा निराळी. पण कायदा काहीही म्हणो, साडेसहा हजार पौंडांना दोन्ही अॅक्सलवर ब्रेक हवेत. पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर हवा आणि दांडीवर स्वतःच्या बॅटरीचा ब्रेकअवे हवा, म्हणजे ट्रेलर निसटला तर आपोआप थांबेल. त्याची दोरी पिकअपच्या चासीला बांधा, सेफ्टी चेनला नाही. चेन दोन, कपलरखाली एकमेकींना छेदून.

कपलरवर किती इंची बॉल हे कोरलेलं असतं. २ ५/१६ इंची कपलरला २ इंची बॉल लावला तरी तो वरवर बसल्यासारखा दिसतो, आणि पहिल्या खड्ड्यात उडतो.

दिव्यांवर फार वेळ नको: मागे टेल, ब्रेक आणि वळणाचे दिवे, कडेला मार्कर, आणि रुंदी ८० इंच किंवा जास्त असेल तर मागे मधोमध तीन लाल दिव्यांची पट्टी. एकूण रुंदी १०२ इंचांच्या आत. सगळे एलईडी घ्या आणि प्रत्येकाची अर्थिंगची तार वेगळी ओढा, गंजक्या चासीवर विसंबू नका.

फळ्या आणि रॅम्प

फळ्या दोन बाय आठच्या, प्रेशर ट्रीटेड. त्यातल्या तांब्याच्या क्षारांनी लोखंड खाल्लं जातं, म्हणून आडव्या पट्ट्यांना आधी नीट रंग आणि वर बिट्युमेनची पट्टी. फळ्या आताच ओल्या आणल्या असतील तर फट ठेवू नका, वाळल्या की आपोआप पडते.

रॅम्पची लांबी सगळेच कमी करतात. कॅम्परचा तळ जमिनीपासून अडीच फूट उंच असतो. पाच फुटी रॅम्प लावला तर चढ तीस अंशांचा, ट्रॅक्टर पुढून उचलला जाईल असा. आठ फुटी केला तर अठरा अंश. शेवटचे दोन फूट तळाला उतार दिला तर आणखी बरं. अॅक्सल पाट्याच्या खाली बसवलेला असेल तर तो वर घेऊन उंची चार-पाच इंच कमी करता येते, पण मग खड्ड्यात अॅक्सल बीमवर आदळणार नाही एवढी जागा आहे का ते मोजा.

आणि ट्रॅक्टर रॅम्पवरून शेपटावर आला की पिकअपचा मागचा भाग उचलला जातो, हे ठाऊक असू द्या. मागे दोन्ही कोपऱ्यांना पिनने खाली सोडता येणारे पाय लावा. कॅम्परला मुळात असलेले कात्री जॅक हे काम करणार नाहीत. ते घर हलू नये म्हणून असतात, ओझं पेलायला नाहीत.

बांधायला ५/१६ इंची ग्रेड ७० साखळी पुरते, तिची कामाची क्षमता ४७०० पौंड. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे. कड्या फळीला स्क्रूने नव्हे, लोखंडाला वेल्ड करून.

वजनकाटा

रंग वाळला की लगेच ट्रॅक्टर चढवू नका. आधी रिकामा ट्रेलर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर न्या आणि खरं वजन घ्या. तुमच्या कागदावरच्या अडीच हजारांत आणि काट्यावरच्या आकड्यात फरक निघेल, तो ओझ्याच्या मर्यादेतून वजा करा. मग ट्रॅक्टर चढवून पुन्हा काट्यावर, या वेळी ट्रेलरचे अॅक्सल स्वतंत्र फळीवर येतील असं उभं करून.

दांडीचं वजन घरीही निघतं. चार फूट अंतरावर एका बाजूला वीट आणि दुसऱ्या बाजूला बाथरूमचा काटा ठेवा, वर जाड फळी. फळीचं वजन आधी वाचून ठेवा. विटेपासून एक फुटावर कपलरचा जॅक टेकवा. काट्यावर जे येईल त्यातून फळी वजा करून चारने गुणा. आकडा दहा टक्क्यांच्या खाली आला तर ट्रॅक्टर पुढे घ्या आणि जिथे बरोबर येईल तिथे पुढच्या चाकांसमोर फळीवर लाकडी ठोकळा ठोकून टाका. पुढच्या वेळी मोजत बसावं लागत नाही.

पहिली खेप जवळची, रिकाम्या रस्त्यावर. १० मैलांवर, मग २५ वर, मग ५० वर थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. अर्ध्या इंची स्टडला ९० ते १२० फूट-पौंड. प्रत्येक थांब्याला चारही ड्रमवर हात ठेवून बघा. एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक घासतोय. तो उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.